८ एप्रिलचं पान

रविवार, १४ जुलै २०२४

प्रिय शकू,

तीन वर्षांत पत्र नाही, फोन नाही, आणि आता एकदम पाकीट बघून तुझ्या पोटात गोळा येईल. तसं काही झालेलं नाही. माझी शुगर गोळीवर आहे, ह्यांचा गुडघा तसाच, आई बरी आहे. फोन करणार होते, पण हे सगळं तोंडाने बोलवलं नसतं.

डोंगरवस्तीच्या काकांची मुलगी आली होती.

मंगळवारी उपकेंद्रावर लसीकरणाचं सत्र होतं. साडेतीन होऊन गेले होते. आशाताई आवराआवर करत होत्या, तेवढ्यात ही नऊ महिन्यांचं बाळ घेऊन दारात. माहेरी आलीय. गोवर-रुबेलाचा (एमआर) पहिला डोस द्यायचा होता. दिवसभरात एमआरचं दुसरं बाळ आलंच नव्हतं, त्यामुळे लशीची बाटली, व्हायल, फोडलेली नव्हती. आशाताई म्हणाल्या, पुढच्या सत्राला ये. मी काही न बोलता व्हायल काढली, वेळ लिहिली आणि त्या एका बाळाला टोचलं. उरलेले डोस वाया गेले. २०२१ च्या त्या एप्रिलपासून मी असंच करते, शकू. एका बाळासाठीसुद्धा फोडते. तुला सांगायचं राहिलं होतं.

बाळ रडून रडून निजलं. अर्धा तास बसायला सांगितलं तर तिने बाळाचं कार्ड ठेवायला पिशवी उघडली. तीच प्लास्टिकची पिशवी गं, काकांची. आत त्यांचं आधार कार्ड आणि घडी घातलेली चिठ्ठी. "सिस्टर, हे तुमचंच अक्षर ना?" म्हणाली. 'उद्या सकाळी ९ वाजता या.' खाली तारीख, ७/४/२१. माझा तो शेपटीवाला नऊ, ज्याला तू कायम हसायचीस.

मी हो म्हटलं. ती म्हणाली, "चिठ्ठी हातात असून बाबा गेले नाहीत. भ्यायले असतील. दादा अजून त्यांच्या फोटोकडे बघून चिडतो." काकांनी म्हणे घरी एवढंच सांगितलं होतं, "नाय घेतली." बाकी काही नाही. तेव्हा कोविडच्या लशीबद्दल लोक काय काय बोलत होते ते तुला माहीत आहे. घरच्यांनी तोच अर्थ लावला. तीन वर्षं त्या घरात काका भित्रे ठरलेत.

शकू, ते आले होते ना?

मला तर सगळं स्वच्छ आठवतं. बुधवारी पाच वाजत आले होते, रांग संपली होती, डाटावाला पोरगा नेटसाठी पाण्याच्या टाकीवर चढून बसला होता. शेवटची चालू व्हायल पूर्ण लागली होती. कॅरिअरमध्ये एकच बंद व्हायल, अख्ख्या केंद्रातली शेवटची. आणि हे वस्तीवरून चालत आलेले, एकटे. तू म्हणालीस, "फोड." मी म्हटलं, फोडली की चार तास, मग नऊ जणांचे डोस कचऱ्यात. तू म्हणालीस, नऊ माणसं मी अर्ध्या तासात उभी करते. मी ऐकलं नाही. वरून रोज वेस्टेज विचारत होते, आणि खरं सांगायचं तर मलाही ते पटत होतं. राज्यभर केंद्रं बंद पडायला लागली होती, एकेक डोस मला सोन्यासारखा वाटत होता. मी चिठ्ठी लिहून दिली.

गुरुवारी नऊच्या आधीच पन्नास माणसं. पहिल्या दहांना ती व्हायल गेली. वीस मिनिटांत संपली. काका दहाला आले, घामाघूम, हातात चिठ्ठी. मी हात जोडले. ते म्हणाले, "असू दे बाई, तुम्ही तरी काय करणार." तेव्हा तू माझ्याकडे पाहिलंस ते मला अजून दिसतं.

त्यानंतर बारा दिवस स्टॉक नाही. आला तो एवढासा. मार्चमध्ये सुरू झालेल्या साठीवरच्यांचे दुसरे डोस तोवर येऊन ठेपले होते. तू तुझी ती निळी वही काढलीस, परत पाठवलेल्यांची. म्हणालीस, आधी ह्यांना बोलवू. मी म्हटलं, रांग ती रांग, उद्या कुणी वशिला म्हणेल. त्या रात्री आपण जे बोललो त्यातलं निम्मं मी मागे घेते. "तुला माणसं मोजायची हौस आणि मला लस मोजायची," असं मी म्हणाले होते, ते आधी मागे घेते.

काकांना ३० एप्रिलला ताप आला. मे उजाडला आणि आठवड्यात संपलं. बेडसाठी किती फिरवलं ते मुलीने सांगितलं, मला लिहवत नाही.

आणि मी दिवस मोजत बसते. पहिल्या डोसानंतर शरीर तयार व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. सात एप्रिलला टोचलं असतं तर तापाच्या दिवशी तेवीस दिवस झाले असते. बारा-तेरा असते तर मी मनाला समजावलं असतं की डोसाचा उपयोग झाला नसता. तेवीस आहेत. पुन्हा मोजते, तेवीसच येतात. मोठ्या डॉक्टरांना कुणाचं नाव न घेता विचारलं. ते म्हणाले, एका डोसाने खात्री देता येत नाही, पण गंभीर होण्याची शक्यता कमी झाली असती. पुढे मी काही विचारलं नाही.

दुसरीकडे ते गुरुवारचे दहा जण. त्यातल्या पाटलांच्या आजी अजून बाजारात भेटतात. "ह्याच सुईत गुडघ्याचं औषध पण घाल" म्हणणाऱ्या त्याच. त्यांना बघून बरं वाटतं, खरंच वाटतं, त्यांना तो डोस मिळाला नसता तर असा विचारही नको वाटतो. पण तू नऊ माणसं उभी करणार होतीस. तेव्हा दहाही झाले असते आणि काकाही त्यातच असते. वाया काहीच जाणार नव्हतं. मला तुझ्यावर विश्वास ठेवायचा होता, एवढीच गोष्ट होती. हे कळायला मला तीन वर्षं लागली.

मे महिन्यात केरळच्या नर्सनी मिळालेल्या ७३ लाख ३८ हजार डोसांतून ७४ लाख २६ हजार दिल्याची बातमी आली, तेव्हा तूच डोळ्यांसमोर आलीस. दहा डोसांच्या व्हायलमधून अकरावा डोस तूही काढायचीस, हात जरासुद्धा न हलता. तेव्हाच तुझ्याशी बोलायला हवं होतं. पण त्याच आठवड्यात १८ ते ४४ वयाच्यांचे ऑनलाइन स्लॉट उघडले, शहरातल्या गाड्या दारात उभ्या राहिल्या आणि गावातली पोरं बाहेर, तो गोंधळ तुला आठवत असेल. मग तुझी बदली झाली आणि मी निरोपालाही आले नाही.

आता यंदाच्या मेपासून कोविशिल्डच्या बातमीमुळे लोक पुन्हा विचारायला येतात, सिस्टर, आम्हाला काही होईल का. मी बसवून नीट सांगते की रक्तात गाठ होण्याचा तो प्रकार फार क्वचित होता आणि झालाच तर पहिल्या काही आठवड्यांत, आता तीन वर्षांनी घाबरू नका. ऐकतात, जातात. प्रत्येक वेळी मला ज्यांना टोचली नाही ते काकाच आठवतात.

मुलीला त्या दिवशी मी काही सांगितलं नाही. बाळ उठलं, ती गेली. महिनाभर माहेरी आहे. मला वस्तीवर जाऊन तिच्या दादासमोर सांगायचंय की तुझे बाप दोनदा आले होते, दोन्ही वेळा चालत आले होते, आणि दोन्ही वेळा मी त्यांना परत पाठवलं. ह्यांचं म्हणणं, आता कशाला उकरतेस, नोकरीची सात वर्षं उरलीत. भीती मलाही वाटते. पण तो पोरगा फोटोवर चिडतो गं.

तुझ्या लेकीचा बारावीचा निकाल कळला, शाब्बास म्हण तिला. नर्सिंगला घालणार आहेस का? नवीन केंद्रावर माणसं कशी आहेत, क्वार्टर गळतं का, सगळं लिही. तुझ्या पाठीचं काय झालं?

आणि ती निळी वही टाकली नसशील, तुझा स्वभाव मला माहीत आहे. त्यात ८ एप्रिलचं पान बघ. काकांचं नाव आणि आल्याची वेळ तू नक्की लिहिली असशील. त्या पानाचा फोटो पाठव. माझा शब्द त्यांनी का मानावा? मी जाताना तुझं पान घेऊन जाईन. सुट्टी मिळाली तर तूच ये, दोघी चालत जाऊ, एसटी अजूनही तिथे थांबत नाही.

तुझी,
सुमी