म्हातारा फलंदाज विकत घेताना

प्रिय बंड्या,

तुझा निरोप काल पहाटे वाजला. इथे बाहेर उणे बावीस, गाडी सुरू व्हायलाही कुरकुरते, त्यामुळे आज घरीच आहे. फोनवर बोलायला गेलो की आपण दोघंही एकमेकांचं ऐकत नाही, म्हणून सविस्तर लिहूनच काढतो.

तू विचारलंस, की पस्तिशी उलटलेला, क्षेत्ररक्षणाला न उतरणारा, नुसती बॅट खांद्यावर टाकून येणारा गडी हे बेसबॉलवाले बाजारातून उचलतात तेव्हा बघतात काय? आणि उत्तरही तूच देऊन टाकलंस: "गेल्या वर्षीचे होमरन मोजायचे, संपलं." बंड्या, या उत्तरापायी माझी लाल वही लाल झाली आहे. वही तुला आठवत असेल. दर जानेवारीत मी तिच्यात लिहितो की मोकळ्या झालेल्या खेळाडूंपैकी आमच्या मिनेसोटा ट्विन्सनी डीएच (डेझिग्नेटेड हिटर, म्हणजे क्षेत्ररक्षण न करता नुसती फलंदाजी करणारा) म्हणून कोणाला घ्यावं आणि किती पैशात. ऑक्टोबरात उघडून बघतो. बहुतेक वेळा पुन्हा मिटून ठेवतो.

२०१० च्या जानेवारीचं पान आत्ता समोर आहे. "जिम टोमी – संपला. पाठ गेली. घेऊ नये." ट्विन्सनी त्याला १५ लाख डॉलरला घेतलं. बेसबॉलच्या हिशेबात हा चहापाण्याचा खर्च. त्याच वर्षी तू प्रोजेक्टवर इथे होतास आणि १७ ऑगस्टला आपण टार्गेट फील्डवर वरच्या मजल्यावर बसलो होतो. नवं कोरं मैदान, समोर शिकागो व्हाइट सॉक्स, म्हणजे टोमीचा आधीचा संघ. दहाव्या इनिंगमध्ये आपण एका धावेने मागे. तो आला, नेहमीसारखी बॅट एका हाताने पुढे धरून पिचरकडे रोखली आणि मॅट थॉर्न्टनचा चेंडू उजवीकडच्या प्रेक्षकांत भिरकावला. ७-६. त्या मैदानावरचा सामना संपवणारा तो पहिला होमरन. तू माझ्या अंगावर नाचोचं चीज सांडलंस आणि "हा कोण म्हातारा?" म्हणून ओरडलास. वहीत काय लिहिलंय ते मी तेव्हा सांगितलं नाही. आज सांगतो. त्या मोसमात टोमीने १०८ सामन्यांत २५ होमरन मारले.

मी चुकलो कुठे? २००९ ची त्याची सरासरी होती ०.२४९ (म्हणजे हजार प्रयत्नांत २४९ यशस्वी फटके), तेवढीच मी बघितली. शेवटचा महिना तो डॉजर्सकडे होता. बेसबॉलच्या दोन लीगांपैकी त्यांच्या नॅशनल लीगमध्ये तेव्हा डीएच नव्हता आणि पाठीमुळे पहिल्या बेसवर उभं राहणं त्याला जमत नव्हतं, म्हणून तो नुसता बदली फलंदाज होऊन बसला. पण त्याच वर्षी शंभरातल्या छत्तीस वेळा तो बेसवर पोचत होता. म्हणजे वाईट चेंडू सोडायची अक्कल शाबूत होती. पाठ गेली होती, डोळा गेला नव्हता. आणि डीएचला पाठ लागतेच किती?

ही जागा आली कशी, ते थोडक्यात. १९७३ मध्ये दुसऱ्या लीगने, अमेरिकन लीगने, ठरवलं की पिचरच्या जागी दुसऱ्याच कोणी फलंदाजी करावी. न्यूयॉर्क यांकीजचा रॉन ब्लूमबर्ग पहिला, आणि त्याने काय मारलं? काहीच नाही, चार वाईट चेंडू सोडून चालत पहिल्या बेसवर गेला. २०२२ पासून दोन्ही लीगमध्ये कायमचा नियम झाला. तू म्हणशील, हे आपल्या आयपीएलच्या इम्पॅक्ट प्लेयरसारखंच, रोहितला मुंबईने वापरलं तसं. थोडंफार तसं. पण रोहित एकदा बाद झाला की मोकळा. डीएच सामन्यात चार-पाच वेळा येतो आणि मधला सगळा वेळ बाकावर अंग थंड करत बसतो. काहींना हे अजिबात मानवत नाही. मैदानात धावपळ असली तरच त्यांची बॅट चालते. एखाद्याला पहिल्यांदाच डीएच करायचं असेल तर मी आता वहीत त्याच्या नावापुढे प्रश्नचिन्ह काढतो.

शिवाय हिशेब असा, की डीएच धावा वाचवत नाही, म्हणून खेळाडूची एकूण किंमत मांडताना पूर्ण मोसमासाठी त्याच्या खात्यातून सुमारे साडेसतरा धावा आधीच वजा होतात. बरा फलंदाज पुरत नाही, चांगलाच लागतो. त्यात संघात माणसं २६, त्यातले तेरा पिचर. उरलेल्या तेरातले नऊ फलंदाजीला, मग बाकावर राहिले चार, आणि त्यातला एक राखीव कॅचर ठेवावाच लागतो. अशा वेळी ग्लोव्ह न घालणारा एक माणूस कायमचा बसवला की दमलेल्या गड्याला "आज नुसती बॅटिंग कर" म्हणून अर्धी सुट्टी देता येत नाही. म्हणून बरेच संघ ही जागा आळीपाळीने वापरतात, म्हाताऱ्यांना गिऱ्हाईक कमी, आणि फेब्रुवारी उजाडला की भाव पडतो. हा पडलेला भाव हीच खरी मौज आहे.

आता होमरन मोजण्याबद्दल. २०१७ मध्ये टॅम्पा बेच्या लोगन मॉरिसनने ३८ होमरन मारले. माझ्या वहीत टपोऱ्या अक्षरात: "मॉरिसन! काहीही करून!" ट्विन्सनी त्याला फेब्रुवारीच्या शेवटी ६५ लाखांना उचललं आणि मी तुला निरोप पाठवला होता की बघ, चोरी केली. २०१८ मध्ये त्याची सरासरी ०.१८६. कमरेच्या सांध्याचं दुखणं निघालं, खरं आहे. पण मी दोन गोष्टींकडे डोळेझाक केली होती. एक, त्याआधीचा त्याचा सगळ्यात मोठा आकडा २३, तोही २०११ चा. दोन, २०१७ मध्ये सगळ्या संघांनी मिळून ६१०५ होमरन मारले होते, तोवरचा विक्रम. त्या वर्षी भिंतही ठोकत होती. पूर आला की ओढ्याचीही नदी होते. पाणी कोणाचं ते बघायचं असतं.

पुढच्याच हिवाळ्यात आला नेल्सन क्रूझ. वय ३८. सरासरी ०.२८८ वरून ०.२५६ वर घसरलेली. मॉरिसनने तोंड पोळलेलं, म्हणून मी लिहिलं: "दुधाने पोळलोय. नको." १ कोटी ४० लाख डॉलर देऊन त्यांनी घेतलाच. १२० सामन्यांत ४१ होमरन, सरासरी ०.३११! त्या वर्षी ट्विन्सनी मिळून ३०७ होमरनचा विक्रम केला आणि १०१ सामने जिंकले. (मग यांकीजनी तीन सामन्यांत गाशा गुंडाळायला लावला, ते सोड. ते दुःख वेगळ्या पत्राचं आहे.)

क्रूझमध्ये त्यांना काय दिसलं असेल? बॅटवरून चेंडू किती वेगाने सुटतो हे २०१५ पासून प्रत्येक मैदानावर मोजतात. २०१८ मध्ये सरासरी घसरली तेव्हाही क्रूझचा चेंडू ताशी ९३ मैलांच्या वर सुटत होता, म्हणजे लीगमधल्या अगदी वरच्या मूठभर लोकांत. मार तोच होता, चेंडू फक्त थेट कोणाच्या तरी ग्लोव्हमध्ये जात होते. सरासरीत नशीब मिसळलेलं असतं, वेगात ते मिसळता येत नाही.

पण वेगाचा रकाना एकटा वाचायचा नाही, आणि हे मला उमगायला फार वर्षं लागली. ताशी ९५ मैलांचा चेंडू पिचरच्या हातातून सुटून ०.४ सेकंदात पोचतो. वयाबरोबर हात किंचित उशिरा निघतात. म्हातारा बेरकी असतो, तो ही उणीव झाकायला आधीच ठरवून बॅट काढतो. वेगवान चेंडू मग अजूनही कडाडून लागतो आणि तुला-मला वाटतं, गडी तस्साच आहे. पण आधीच ठरवलेलं असल्यामुळे बाहेर वळत जाणाऱ्या स्लायडरवरही बॅट निघून जाते. म्हणून दुसरा रकाना: कक्षेबाहेरच्या, म्हणजे सोडायच्या, चेंडूंवर तो किती वेळा बॅट घालतो आणि तो आकडा दोन-तीन वर्षांत कुठे चाललाय. टोमी सोडत होता. सोडणारा म्हातारा आणि घालणारा म्हातारा, एकाच वयाचे, एकाच होमरनचे, पण दोन वेगळी जनावरं. तू नानावाड्याजवळच्या त्या मैदानावर पन्नाशीतल्या गड्यांना ऑफ स्टंपबाहेर टाकून झेल काढायचास, तेच हे.

बरं, सरावाचं काय? २०१३ च्या हिवाळ्यात दोघांनी आपापल्या संघाचा १ कोटी ४१ लाखांचा एक वर्षाचा करार नाकारला, हाच क्रूझ आणि केंड्रिस मोरालेस. दोघंही फसले, कारण असा करार नाकारलेल्याला घ्यायचं तर नव्या संघाला नवोदितांच्या निवडीतला हक्क गमवावा लागायचा. क्रूझने फेब्रुवारीत मान खाली घालून बाल्टिमोरकडून ८० लाख घेतले, वसंतातला सराव केला आणि ४० होमरन मारून सगळ्यांच्या पुढे राहिला. मोरालेस जूनपर्यंत घरी बसला. मग तो आमच्याकडे आला, ३९ सामन्यांत एक होमरन. एक! वहीत त्या पानावर चहाचा डाग आहे. मुद्दाम पुसला नाही.

तरीही सगळं रकान्यांत बसत नाही. क्रूझचंच पुढचं ऐक. २०२१ च्या जुलैत ट्विन्सनी त्याला टॅम्पाला दिला आणि बदल्यात जो रायन हा तरुण पिचर मिळवला. मी चार दिवस जेवलो नाही असं बायको अजून सांगते. पुढच्या वर्षी वॉशिंग्टनने त्याला दीड कोटी दिले. सरासरी ०.२३४, होमरन १०. चेंडू जमिनीवरून घरंगळायला लागले. मोसम संपल्यावर त्याच्या डाव्या डोळ्यावर शस्त्रक्रिया झाली. डोळा! कुठल्या रकान्यात दिसणार होता तो? आणि आमचा रायन तेव्हापासून आमच्यासाठी फेकतोय.

म्हणून आता मी नावापेक्षा कागद आधी वाचतो. माणसाबद्दल सगळेच चुकतात, मी तर हमखास. पण एका वर्षाचा करार असेल तर चूक एका वर्षाची. फ्रँक थॉमस २००६ मध्ये ३८ वर्षांचा, घोट्याचं हाड मोडून शिकागोने सोडलेला. ओकलंडने ठरलेले पैसे दिले फक्त ५ लाख, बाकी खेळशील तसे मिळतील. तो मेपर्यंत चाचपडला आणि मग ३९ होमरन, ११४ धावा आणल्या. त्याच हिवाळ्यात आम्ही घेतलेल्या राँडेल व्हाइटचे होमरन सात. वर ऑक्टोबरात थॉमसने आमच्याच तेव्हाच्या घुमटाच्या मैदानात पहिल्या प्लेऑफ सामन्यात दोन होमरन मारून ३-२ ने आम्हालाच हरवलं. आणि लगेच टोरांटोने त्या एका वर्षाकडे बघून त्याला दोन वर्षांचे १ कोटी ८० लाख दिले, वर अट, की ठरावीक वेळा फलंदाजीला आलास तर तिसऱ्या वर्षाचा आणखी एक कोटी पक्का. २००८ च्या एप्रिलमध्ये त्याला आधी बाकावर बसवलं, मग सोडूनच दिलं. ते त्या अटीपायी, असं थॉमसला वाटत होतं. दोन्हीकडे माणूस तोच होता.

ट्विन्सचं नशीब या बाबतीत तसं वाईट नाही हं. १९९१ ला जगज्जेते झाले तेव्हाचा डीएच चिली डेव्हिस बाजारातूनच आणलेला. तो किंग्स्टनला, जमैकात जन्मलेला, म्हणजे होल्डिंगच्या गावचा, तुला आवडेल. मग डेव्ह विन्फील्ड आणि पॉल मॉलिटर, दोघंही इथल्याच सेंट पॉलचे, उतारवयात घरी आलेले. विन्फील्डचा तीन हजारावा फटका १६ सप्टेंबर १९९३ चा, मॉलिटरचा १६ सप्टेंबर १९९६ चा. तारीख एकच. मॉलिटरने तर चाळिशीत ०.३४१ काढली. आणि उलट बाजू बघायची तर २००२ च्या डिसेंबरात ट्विन्सनी एका २७ वर्षांच्या डीएचला फुकट सोडून दिलं. त्याचं नाव डेव्हिड ऑर्टिझ. बॉस्टनने १२.५ लाखांत नेला. पुढचं तुला माहीत आहे.

आमच्या रविवारच्या क्रिकेटचं विचारलंस म्हणून सांगतो. कॅप्टन नागपूरचा पोरगा आहे. परवा फार अदबीने म्हणाला, "काका, यंदा तुम्ही नुसती बॅटिंग करा, फिल्डिंगला आम्ही कोणी तरी उभं करू." मी विचारलं, माझे गेल्या वर्षीचे रन बघून म्हणतोस का? म्हणाला, "नाही काका, तुम्ही लेग साइडचे वाइड अजून सोडता." मी त्याला चहा पाजला. खरी गोष्ट त्याला सांगितली नाही: सोडत नाही रे, दिसत नाहीत. मार्चमध्ये नंबर बदलून नवा चष्मा येतोय.

यंदाचं पान अजून कोरं आहे. पिचर-कॅचर फेब्रुवारीत फ्लोरिडाला जमतात, त्याआधी तू एक नाव आणि एक आकडा पाठव, मी माझा लिहितो. ऑक्टोबरात ज्याचं चुकेल त्याने डिसेंबरात मी आलो की मिसळ द्यायची. होमरनवरून निवडणार असशील तर आत्ताच पैसे बाजूला काढून ठेव.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
बाळ्या

ता. क. – एक राहिलंच. क्रूझ सामन्याआधी रोज झोप काढायचा, आणि इथे त्यासाठी मैदानातच निजायची खोली होती. वहिनींना हा परिच्छेद वाचून दाखव. दुपारी तुला कोणी उठवणार नाही.