झाडावर नोटीस लागते, मग मैदानावर का नाही?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जानेवारीतल्या निवडणुकीनंतर आमच्या महापालिकेत पुन्हा नगरसेवक बसले. २०२२ पासून राज्यातल्या बहुतेक महापालिकांचा कारभार प्रशासकांकडेच होता, त्यामुळे हारतुऱ्यांचे फोटो पाहून खरेच बरे वाटले. आता फोटो छापून झाले असतील, तर या नव्या मंडळींपुढे एक मागणी ठेवायची आहे. तिला पैसे लागत नाहीत, कायदा बदलावा लागत नाही, मंत्रालयात खेटे घालावे लागत नाहीत. शहराच्या विकास आराखड्यात मैदान, शाळा, उद्यान अशा सार्वजनिक कामासाठी एखादी जागा राखलेली असते; त्या जागेवरचे हे आरक्षण उठवायचे किंवा बदलायचे असेल, तर त्याची सूचना त्याच जागेवर, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशा फलकावर, साध्या मराठीत लावावी.

शहराचे नाव मुद्दामच लिहीत नाही. लिहिले की खात्याचा खुलासा येतो, तो आपण छापता आणि विषय तिथेच मिटतो.

आमच्या घरामागे एक मैदान आहे. सगळे त्याला चिंचेचे मैदान म्हणतात. चिंच पडून बारा वर्षे झाली, नाव राहिले. विकास आराखड्यात तिथे खेळाच्या मैदानाचे आरक्षण आहे. गेल्या वर्षी ऐन मे महिन्यात, निम्मे शहर गावी गेलेले असताना, एका दैनिकाच्या आतल्या पानावर निविदांच्या गर्दीत चार बोटे रुंदीची सूचना आली. सर्व्हे नंबर अमुक, हिस्सा नंबर तमुक येथील आरक्षण वगळून क्षेत्र रहिवास विभागात समाविष्ट करण्याचा प्रस्ताव. हरकती व सूचना एक महिन्याच्या आत. तो पेपर आमच्या निम्म्या घरांत येतो. सूचना एकानेही वाचली नाही, आणि वाचली असती तरी काय कळणार होते? आपण राहतो तिथला सर्व्हे नंबर किती जणांना ठाऊक असतो? ज्याच्या नावावर सातबारा आहे त्याला, आणि जो ती जमीन घ्यायला निघाला आहे त्याला.

आम्हाला कळले ते सव्विसाव्या दिवशी. शेजारच्या इमारतीत एक निवृत्त तलाठी राहतात. जाहीर नोटिसा वाचायची त्यांची जुनी खोड. दुधाच्या पिशव्या घेऊन परतताना जिन्यातच म्हणाले, "बाई, चिंचेचं मैदान चाललं की!" हातात चार दिवस होते, त्यातला एक रविवार.

मी एकतीस वर्षे शाळेत भूगोल शिकवला. नगररचना विभागात भाग नकाशा समोर पसरला तेव्हा मला माझेच घर सापडेना. पिवळा म्हणजे रहिवास, हिरवा म्हणजे मोकळी जागा, एवढे समजत होते. पण रस्त्याचे नाव नाही, मारुतीचे देऊळ नाही, शाळा नाही. नुसत्या हद्दीच्या रेघा आणि आकडे. तिथला लिपिक भला होता. त्यानेच बोट ठेवून मैदान दाखवले. मग म्हणाला, फोटो काढू नका, प्रत हवी तर अर्ज करा, सात दिवसांत मिळेल.

पुढच्या तीन दिवसांत आम्ही जे केले त्याचा मला बराच काळ अभिमान होता, आता तितका नाही. एक मजकूर टाइप केला, झेरॉक्सच्या दुकानातून गठ्ठा आणला आणि सोसायट्या पालथ्या घालून सह्या घेतल्या. दोनशे बारा अर्ज, प्रत्येकावर आवक विभागाचा शिक्का. सुनावणीला बोलावले मंगळवारी सकाळी अकराला. नोकरीधंद्याचे लोक येणे शक्यच नव्हते, गेलो ते आम्ही पेन्शनर. साहेबांनी गठ्ठा चाळला. "मजकूर एकच आहे ना? मग एकत्रित नोंद घेतो," म्हणाले. दोनशे बारा हरकतींची एक हरकत झाली, सहा मिनिटांत.

आमच्यानंतर एक बाई उभ्या राहिल्या. मैदानापलीकडच्या वस्तीतल्या, पोळ्या लाटायची कामे करणाऱ्या. वहीच्या पानावर स्वतः लिहून आणले होते त्यांनी. माझी मुलगी इथे कबड्डी खेळते, तिच्या शाळेला मैदान नाही. पावसात आमच्या गल्लीत पाणी भरते तेव्हा हातगाड्या आणि रिक्षा आम्ही इथेच आणून लावतो. ही जागा गेल्यावर कुठे लावायच्या ते लिहून द्या. साहेबांनी पेन खाली ठेवले आणि त्यांना तीन प्रश्न विचारले. इतिवृत्तात त्यांच्या हरकतीला स्वतंत्र परिच्छेद आहे. आमची एका ओळीत आटोपली आहे.

त्यांना सूचना कळली ती मुलीच्या कबड्डीच्या सरांकडून. आमचा झेरॉक्स त्यांच्यापर्यंत गेलाच नव्हता. मैदान सगळ्यात जास्त वापरतात ती वस्तीतलीच मुले, पण पलीकडे अर्ज न्यावेत हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आले नाही. आणि आता लिहायलाच बसले आहे तर हेही लिहिते: त्याच्या आदल्या वर्षी कोपऱ्यावर सुका कचरा वर्गीकरणाची शेड येणार होती, तेव्हा आम्हीच, याच उत्साहाने, याच झेरॉक्सच्या दुकानातून अर्ज काढून ती पळवून लावली होती. शेड कुठे गेली? त्या वस्तीच्या तोंडाशी. नागरिकांचा सहभाग हा शब्द कानाला गोड लागतो, पण सहभागी होणारे नागरिक नेमके कोण, हे त्या शेडजवळ जाऊन वास घेतला की कळते.

आता कायद्याविषयी. आराखडे बनतात आणि बदलतात ते १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाखाली. मंजूर आराखड्यात किरकोळ फेरबदल करण्याची वाट म्हणजे त्यातले कलम ३७. आख्खे मैदान 'किरकोळ'मध्ये कसे बसते हा वाद मोठा आहे, तो आज बाजूला ठेवते. कलम काय सांगते? सूचना राजपत्रात प्रसिद्ध करा आणि नियोजन प्राधिकरण ठरवील अशा अन्य रीतीनेही करा. फेरबदलाचा ज्यांच्यावर परिणाम होतो त्यांना नोटीस बजावा, एक महिन्यात हरकती मागवा, सुनावणी घ्या, मग सरकारकडे पाठवा. यातला 'प्राधिकरण ठरवील' हा भाग मी तीनदा वाचला. प्राधिकरण म्हणजे आमची महापालिका. अन्य रीत कोणती, हे ठरवण्याचा अधिकार तिचाच. कोपऱ्यातली बारीक जाहिरात ही निव्वळ सवय आहे. सर्वसाधारण सभेने एका ठरावाने सांगितले, की यापुढे अन्य रीत म्हणजे जागेवर फलक, सोबत लोक ओळखतात ते नाव आणि समजेल असा नकाशा, तर अडवणारे कोणी नाही. आणि परिणाम होणारी व्यक्ती म्हणजे फक्त जमीनमालक, हा अर्थ तरी कुणी लावला? त्या कबड्डीवाल्या मुलीवर परिणाम होत नाही?

हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे फार पूर्वी येऊन गेला आहे. बंगळुरूच्या राजमहल विलास विस्तारात उद्यानासाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयाला दिली गेली, तेव्हा परिसरातले रहिवासी कोर्टात गेले. तुमचा यात काय संबंध, असा मुद्दा काढला गेला. १९९१ च्या बंगलोर मेडिकल ट्रस्ट खटल्यात न्यायालयाने रहिवाशांचा संबंध मान्य केला आणि उद्यान उद्यानच राहिले. निकाल वकिलांना पाठ असतो. नगररचना विभागाच्या खिडकीवर त्याची आठवण कुणाला नसते.

आणखी एक कायदा याहून बोलका आहे. राज्यातल्या शहरांत झाड तोडायचे असेल, तर १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार वृत्तपत्रात जाहिरात तर द्यावी लागतेच, शिवाय त्या झाडावरच दिसेल अशी नोटीस चिकटवावी लागते. म्हणजे आमची चिंच उभी असती, तर तिच्या खोडावर कागद लागला असता आणि पहिल्याच दिवशी अख्ख्या आळीत बोभाटा झाला असता. झाड गेले, म्हणून मैदान गुपचूप जाऊ शकते!

फलक लावले तर लोक फाडतील, असे एक अभियंता मला म्हणाले. फाडतील की. पण बांधकामाच्या जागेवर परवानगी क्रमांक, वास्तुविशारद, क्षेत्रफळ लिहिलेला पत्रा उभा असतोच आणि तो वर्षानुवर्षे टिकतो. सगळे ठरून झाल्यावर फलक टिकतो आणि ठरायच्या आधीचा तेवढा फाटतो, हे काही पटत नाही.

जमीनमालकांवर मी रागावलेली नाही. आरक्षण टाकून पालिका वर्षानुवर्षे जागा घेत नाही, पैसे देत नाही, मालकाला काही करूही देत नाही. आराखडा लागू होऊन दहा वर्षे उलटली की कलम १२७ खाली तो खरेदी सूचना, म्हणजे 'जागा घ्या नाहीतर सोडा' अशी नोटीस, देऊ शकतो, आणि २४ महिन्यांत पालिकेने संपादनासाठी पाऊल उचलले नाही तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपते. ही वाट त्याला कायद्याने दिली आहे, त्याने ती वापरली तर चूक काय? पण मग आपल्या भागातल्या कुठल्या आरक्षणावर अशी सूचना आली आहे आणि २४ महिने कधी भरतात, याची यादी प्रभाग कार्यालयाच्या दारात लावायला कुणाची हरकत असावी? पैसे उभे करा, ही जागा सोडू नका, असे नगरसेवकाला सांगायला आम्हाला वेळ तरी मिळेल.

हरकतींनी काही होत नाही असे म्हणणाऱ्यांना मी मुंबईचे सांगते. २०१५ च्या फेब्रुवारीत मुंबईचा २०३४ पर्यंतचा प्रारूप आराखडा आला, त्यात इतक्या चुका निघाल्या की एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांना तो मागे घेऊन नव्याने करायला सांगावे लागले. सुधारित मसुदा २०१६ मध्ये आला आणि मंजुरी २०१८ मध्ये. गोव्यात तर लोक रस्त्यावर आल्यावर २००७ च्या जानेवारीत प्रादेशिक आराखडा २०११ सरकारला रद्दच करावा लागला. मात्र हे सगळे संपूर्ण शहराच्या, संपूर्ण राज्याच्या आराखड्याचे झाले. त्यावर वृत्तपत्रे लिहितात, संस्था उभ्या राहतात, वास्तुविशारद नकाशे समजावून सांगतात. एका मैदानासाठी कुणी येत नाही. शहरे मैदाना-मैदानानेच बदलतात, सर्व्हे नंबरा-सर्व्हे नंबराने.

खेड्यात ग्रामसभा आहे. तिथे काय चालते हे मी माहेरी पाहिले आहे, फार भाबडेपणा नाही माझा. तरी सरपंचाला उभे करून विचारता येते. शहरातही क्षेत्रसभा, म्हणजे प्रभागातल्या मतदारांच्या सभा, असाव्यात, अशी तरतूद २००९ मध्ये राज्याच्या कायद्यात झाली. आमच्या प्रभागात ती सभा एकदाही भरल्याचे कुणाला आठवत नाही. नव्या नगरसेवकांना विचारले तर एकाने "ही कुठली सभा?" असे मलाच विचारले. त्यांचे शिक्षण मी करीन, निवृत्त असले तरी. पण आधी तो एका ओळीचा ठराव होऊ द्या.

मैदानाचा प्रस्ताव सरकारकडे गेला आहे, निर्णय आलेला नाही. तोवर आम्ही एक केले. या वेळी वस्तीतल्या त्या बाई आणि कबड्डीच्या मुली बरोबर होत्या. मैदानाच्या कुंपणभिंतीवर चुना मारून हातभर अक्षरांत सर्व्हे नंबर रंगवला, म्हणजे पुढची जाहिरात आली तर पोरासोरांनाही कळेल. हिस्सा नंबरातला 'अ' आमच्याकडून राहून गेला होता. दुसऱ्या दिवशी तलाठीसाहेब ब्रश घेऊन आले आणि तो घालून गेले.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
(नाव व पत्ता संपादकांकडे)