सांगलीच्या गावभागातल्या अक्कांना, खिशावालीकडून

अक्का, नमस्कार.

मोबाईलवर चार ओळींपेक्षा लांब काही आलं की तुम्ही तो सूनबाईंच्या हातात देता आणि म्हणता, "काय म्हणतीया बघ." तेव्हा वहिनी, हे तुम्हालाच वाचून दाखवावं लागणार. मशीनं बंद असताना वाचा, आणि मध्येच त्या "पुरं झालं गं" म्हणाल्या तरी थांबू नका.

हे सगळ्यांसमोर लिहायचं कारण म्हणजे गेले सहा महिने मला सारखे फोन येतायत. कुणी जतची, कुणी कराडची, सगळ्या घरून कपडे विकणाऱ्या मुली. "ताई, पहिली मोठी ऑर्डर कुठं दिलीस? नंबर दे की." नंबर मी देते, पण आधी तुमची गोष्ट ऐकवते. तोंडी सांगून सांगून घसा बसलाय, म्हणून आता लिहूनच ठेवते.

तर अक्का, आभार मानायचे ते तुम्ही माझी कुर्त्या शिवायची ऑर्डर घेतली नाहीत म्हणून.

२०२५ चा मे. गणवेशाचा सीझन, तुमच्या शिलाईच्या युनिटात श्वास घ्यायला जागा नव्हती. बारा मशीनं एकदम चालू, आकाशी शर्टांचे ढीग, आणि रॅकवरचं कापड सगळं डोक्याच्या वरच्या उंचीला. एवढ्या वर कापड का, असं मी विचारलं तर तुम्ही नुसतं भिंतीवरच्या ओलीच्या रेघेकडं बोट दाखवलंत. ऑगस्ट २०१९ चा महापूर. गावभागातल्या माणसाला पुढचं सांगावं लागत नाही.

मी पिशवीतून तीन कुर्त्या काढल्या आणि म्हटलं, "अक्का, अशा पाचशे शिवून द्याल का?"

"न्हाई." खडूची रेघ पूर्ण करूनच तुम्ही वर बघितलंत. "माझ्या बायका परकर शिवतात, गणवेश शिवतात. गळ्याच्या पट्टीला त्यांचा हात न्हाई. तुझा माल बिघडंल. बस, पाणी पी. पाचशे कुणी सांगितलं?"

पाचशे मला एका दुसऱ्या शहरातल्या युनिटनं सांगितलं होतं, तेही फोनवर. दोनशे पीस घेतले तर कापडासकट ३७५ रुपये, पाचशे घेतले तर ३४०. निम्मे पैसे आधी. म्हणजे पंच्याऐंशी हजार मी सोमवारी पाठवणार होते, आणि त्या आधीच्या शुक्रवारी "इथं कुणी स्वस्तात देतंय का बघू" म्हणून तुमच्याकडं आले होते. हे तुम्हाला तेव्हा सांगितलं नव्हतं. आज सांगते.

तुम्ही विचारलंत, पाचशेत कुठली साईज किती? मी ऐटीत म्हटलं, पाच साईज, प्रत्येकी शंभर. मग विचारलंत, आजवर किती विकल्यास आणि कुणाला? पतसंस्थेतल्या मैत्रिणी, शाळेतल्या बाई, विश्रामबागेतल्या शेजारणी मिळून चौसष्ट कुर्त्या गेल्या होत्या, सगळ्या वहीत लिहिलेल्या. तुम्ही परकराच्या खोक्याचा पुठ्ठा फाडलात आणि मला मोजायला लावलंत. एस सहा, एम पंधरा, एल एकवीस, एक्सएल सोळा, डबल एक्सएल सहा.

"मग शंभर एस कुणाच्या अंगात घालतीस?"

पुढचा हिशेब तुम्ही त्याच पुठ्ठ्यावर मांडलात. पाचशे घेतल्यानं पिसामागं पस्तीस वाचतात, म्हणजे साडेसतरा हजार. पण एस आणि डबल एक्सएलचे मिळून शंभर पीस पडून राहणार, म्हणजे चौतीस हजार. "साडेसतरा वाचवायला चौतीस कपाटात घालणार हाईस?" मी कॉमर्सची. हे आधी सुचलं नाही याची लाज अजून जात नाही. तो पुठ्ठा माझ्याकडं आहे.

त्या पुठ्ठ्यावर शेवटी जे उरलं तीच माझी ऑर्डर झाली. एक एस, दोन एम, तीन एल, दोन एक्सएल, एक डबल एक्सएल, असा नऊचा संच. एका रंगाचे आठ संच, म्हणजे बहात्तर कुर्त्या. तीन रंग. एकूण २१६. पाचशेचं २१६ झालं तेव्हा माझा चेहरा पडला होता, आणि तुम्ही म्हणालात, "तोंड नको पाडू. संपल्या तर परत कर की. कापडगिरणी काय पळून जातीया?"

कापडाचं मात्र तुम्ही जास्तच मनावर घेतलंत. कापडासकट दर घेऊ नको, पहिल्या वेळेला कापड आपण घ्यायचं आणि शिलाईचे पैसे वेगळे द्यायचे, म्हणजे कशाला किती पडलं ते कळतं. इचलकरंजीला जा, पण ताका घ्यायच्या आधी एक मीटर तुकडा आण. मी तीन दुकानांतून तीन तुकडे आणले. तुम्ही प्रत्येकावर खडूनं चौकोन काढलात, बरोबर पन्नास सेंटिमीटर बाय पन्नास, आणि उभ्या धाग्याच्या बाजूला बाण. मोरीतल्या नळाखाली साबणानं धुतले, दोरीवर वाळवले, इस्त्री फिरवली, परत मोजले. सगळ्यात मऊ, मला सगळ्यात आवडलेला तुकडा उभा सत्तेचाळीस भरला.

सहा टक्के! चव्वेचाळीस इंचांची कुर्ती पहिल्या धुण्यात एक्केचाळीसच्या जरा वर येणार. आणि बाई मला फोन करणार, "अगं, ही कुर्ती गुडघ्याच्या वर गेली की!"

दुसरा तुकडा सॅनफोराइज केलेला, म्हणजे आधीच आकसवून घेतलेला होता, तो एकोणपन्नास भरला. मीटरला नऊ रुपये जास्त. तुम्ही म्हणालात, "नऊ रुपये दे." मी दिले. रंगाचे सगळे ताके एकाच लॉटचे मागून घे, ताका उजेडाकडं धरून बघ, सांधा असेल तिथं दोरा बांध, हे सगळं तुम्ही पाठ करून घेतलंत. इचलकरंजीला जाताना मी एसटीत ते पुटपुटत होते. शेजारच्या मावशींना वाटलं स्तोत्र म्हणतीये.

कुपवाडचं युनिट तुम्हीच दाखवलंत. तुमच्याच धंद्यातला माणूस, अठरा मशीनं, ओव्हरलॉक वेगळं, काज-बटणाचं वेगळं. जूनच्या उन्हात, ऐन गर्दीत, तुम्ही माझ्या स्कूटरवर मागं बसून आलात. शालेय शर्टांच्या डिलिव्हरीची तारीख डोक्यावर असताना दुसऱ्याच्या दारात दुसऱ्याची ऑर्डर घेऊन कोण जातं? तिथं गेल्यावर तुम्ही मालक दादांशी दराबद्दल एक शब्द बोलला नाहीत. टांगलेल्या कुर्त्यांतली एक घेतलीत, शिलाईवर पट्टी ठेवलीत आणि सुईच्या टोकानं टाके मोजलेत. "इंचाला सात. पोरीच्या मालाला धा पायजेत." दादा हसले, पण वहीत दहा लिहिलं.

मग सॅम्पल. त्याच्या खिशात तुम्ही तुमचा मोबाईल, किल्ल्यांचा जुडगा आणि अडकित्ता घातलात आणि त्या खोलीत फेऱ्या मारल्यात. (माझी सगळी जाहिरातच "बायकांच्या कुर्तीला खरा खिसा" अशी, आणि माझ्या सॅम्पलचा खिसा मी तोवर रुमालानं तपासला होता.) तिसऱ्या फेरीला कड उसवली. तुम्ही दाखवलंत की खिशाच्या तोंडाच्या वरच्या आणि खालच्या टोकाला आडवी पक्की टीप हवी, सगळा भार तिथंच येतो. दुसऱ्या सॅम्पलला ती टीप होती. मग गळ्यात पुठ्ठ्याचं लेबल, त्यावर दादांची सही, माझी सही, तारीख. असे दोन पीस, एक त्यांच्याकडं, एक माझ्याकडं. "तोंडी काही ठेवायचं न्हाई. माणूस वाईट नसतो, विसरतो."

आता माझी चूक, जी तुम्हाला अर्धीच माहीत आहे. मापांच्या कागदावर मी छाती, कंबर, उंची, बाही, गळा, सगळं इंचात लिहिलं होतं. खिसा खांद्यापासून किती खाली, तेवढं लिहिलं नव्हतं. सॅम्पल बघून करतील असं धरलं. सॅम्पल एम साईजचं. मोठ्या साईजला खिसा किती सरकवायचा हे कटिंग मास्तरांनी आपल्या अंदाजानं ठरवलं, आणि पहिल्या दिवशीचे चोवीस एल दोन इंच खाली खिसा घेऊन बाहेर आले. हात घालायचा तर वाकावं लागत होतं. मी रडतच फोन केला. तुम्ही विचारलंत, "कागदावर लिवलं होतंस?" मी गप्प. "मग रडू नको. त्यांचं न्हाई चुकलं. उरलेल्यांचं लिहून दे, आन् ह्या उंच बायकांना वीक."

अक्का, मी खरोखर उंच बायका शोधल्या. एकोणीस गेल्या, व्हॉलीबॉल खेळणाऱ्या एका बाईंनी तर दोन घेतल्या. चार कपाटात आहेत, एक मी घालते. वाकून.

कटिंगनंतर चिंधी परत मागायला तुम्ही सांगितलं होतंत, तेव्हा मला ते कद्रूपणाचं वाटलं होतं. पण मागितल्यावर दादांनी तीन गोण्या बिनबोभाट दिल्या, आणि कापडाचा हिशेबही बरोबर लागला. कुर्तीला सरासरी पावणेदोन मीटर धरलं होतं, तेवढंच गेलं होतं. मोठ्या साईजच्या पोटात छोटीची बाही बसवून मास्तरांनी मार्कर, म्हणजे कटिंगचा नकाशा, आखला होता, तो मी फोटो काढून ठेवलाय. चिंध्यांतून केस बांधायचे रबर शिवून घेतले, प्रत्येक कुर्तीबरोबर एक फुकट. ती कल्पना माझी, तुमची नाही, तेवढं श्रेय मला राहू द्या.

माल गणपतीच्या आधी आला. अठरा-अठराचे बारा गठ्ठे. तुम्ही सांगितल्याप्रमाणं प्रत्येक गठ्ठ्यातला वरचा, मधला आणि खालचा पीस काढला, छत्तीस झाले. वरचाच बघायचा नाही, वरचा सगळे चांगलाच ठेवतात. दोन निघाले. एकाच्या काखेत टाका सुटलेला, दुसऱ्याची एक बाही जरा वेगळ्या छटेची, बहुतेक नंबराचं स्टिकर पडून दुसऱ्या थराची बाही लागली असणार. दोन्ही दादांनी बदलून दिले, मग मी उरलेले पैसे दिले. नंतर कळलं की एक्स्पोर्टवाल्यांचा यासाठी छापील तक्ता असतो, एक्यूएल म्हणतात, म्हणजे मालात किती दोष चालतील त्याची पातळी. नेहमीच्या अडीचच्या पातळीला २१६ च्या मालातून बत्तीस पीस काढायचे, मोठे दोष दोनपर्यंत असतील तर माल पास, तीन झाले की नापास. तक्ता बत्तीस म्हणतो, तुम्ही छत्तीस. वहिनी, हे वाक्य दोनदा वाचा.

एका बाबतीत मात्र मी तुमचं ऐकलं नाही. तुम्ही म्हणालात, कुर्ती अकराशेला वीक, खिसा कुणाकडं न्हाई. मी ९५० ठेवली, कारण तेव्हा हजारापर्यंतच्या कपड्याला पाच टक्के जीएसटी आणि हजाराच्या वर बारा. मला ती रेघ ओलांडायची भीती वाटली. मग २२ सप्टेंबर २०२५ पासून नियमच बदलला, अडीच हजारांपर्यंत पाच टक्के. तोवर माझ्या दीडशे कुर्त्या ९५० नं गेल्या होत्या. यावर तुम्ही काही बोलला नाहीत, फक्त अडकित्ता जरा जोरात वाजला.

मी पेढे घेऊन आले तेव्हा पाकीटही आणलं होतं. ते तुम्ही न उघडता परत माझ्या पिशवीत टाकलंत. वर मोरपंखी रंगाची एक्सएल मागितलीत, ९५० मोजून दिलेत आणि म्हणालात, "पक्कं बिल दे." माझ्या बिलबुकातलं एकशे त्र्याऐंशी नंबरचं बिल तुमच्या नावाचं आहे. ग्राहकाच्या सहीच्या जागी तुम्ही सही केलीत आणि माझ्या ब्रँडचं नाव वाचून विचारलंत, "हे कुणाचं दुकान?" तेव्हापासून तुमच्याकडं मी खिशावालीच.

आता दुसरी ऑर्डर करायचीय. या वेळी एस कमी, एक्सएल जास्त, वही मोजून झालीये. खिशाचं माप प्रत्येक साईजला वेगळं लिहिलंय. नवीन कापडाचे दोन तुकडे आणलेत, चौकोन आखून काल धुतले, दोरीवर आहेत. गुरुवारी चारला घेऊन येते. मोजणार मात्र तुम्हीच, माझी पट्टी मला आवडेल तेच सांगते.

तुमची,
खिशावाली
विश्रामबाग, सांगली