छोट्या दुकानांतील मजुरी कागदावर यावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पुण्यातील रोजगाराची चर्चा निघाली की ती हिंजवडी, खराडी आणि चाकणपाशीच घुटमळते. पगारवाढ किती टक्के झाली, नोकरकपात कुठे झाली, हे आपल्या वृत्तपत्रातही वरचेवर छापून येते आणि ते योग्यच आहे. परंतु याच शहरात नाना पेठेतील गॅरेजांत राबणारे मेस्त्री, पासोड्या विठोबाच्या परिसरात भिंगाखाली मोबाइल उघडून बसलेले कारागीर, उपनगरांतील सलून आणि पार्लरमधील कामगार, लाँड्रीतले इस्त्रीवाले, तसेच क्लब, ग्रंथालये, सोसायट्या आणि संस्थांच्या कार्यालयांत काम करणारे कारकून आणि शिपाई यांची कमाई वाढते आहे की घटते आहे, हे सांगणारा शहरापुरता खात्रीचा आकडा सहज हाती लागत नाही. छोट्या दुकानांचे हिशेब लिहिणे हा माझा व्यवसाय असल्याने ही उणीव मला रोज जाणवते आणि म्हणून हे पत्र लिहीत आहे.

देशपातळीवर काही माहिती मिळते. केंद्रीय सांख्यिकी मंत्रालय बिगरशेती असंघटित आस्थापनांचे जे वार्षिक सर्वेक्षण करते, त्यानुसार 2023-24 मध्ये अशा आस्थापना सुमारे 7.34 कोटी होत्या आणि त्यांत 12 कोटींहून अधिक माणसे काम करत होती. मोबदल्यावर ठेवलेल्या कामगाराची सरासरी वार्षिक कमाई 2022-23 मध्ये 1,24,842 रुपये होती, ती 2023-24 मध्ये 1,41,004 रुपये झाली. वाढ 13 टक्क्यांची दिसते आणि ती स्वागतार्ह आहे. मात्र महिन्याला भागून पाहिले तर हातात साधारण पावणेबारा हजार रुपये येतात, आणि एवढ्यात पुण्यासारख्या शहरात खोलीभाडे देऊन दोन मुलांचे शिक्षण कसे करायचे, याचे उत्तर मला तरी सापडलेले नाही. शिवाय ही सरासरी कारखानदारी, व्यापार आणि सेवा या सगळ्यांची मिळून आहे. दुरुस्ती आणि केशकर्तनाच्या कामगारांचा वाटा तीत विरघळून जातो.

तो विरघळण्याचे एक कारण वर्गीकरणातच आहे. 2008 च्या राष्ट्रीय औद्योगिक वर्गीकरणात सदस्यत्वावर चालणाऱ्या संस्था 94 व्या विभागात, संगणक आणि घरगुती वस्तूंची दुरुस्ती 95 व्या आणि सलून, लाँड्री यांसारख्या वैयक्तिक सेवा 96 व्या विभागात येतात, पण वाहनदुरुस्ती मात्र व्यापाराच्या गटात, 45 व्या विभागात मोडते. दुचाकींचे शहर म्हणवणाऱ्या पुण्यात गॅरेजमधल्या मेस्त्रीची मजुरी शोरूममधल्या विक्रेत्याच्या पगारात मिसळून मोजली गेली, तर त्या आकड्यावरून मेस्त्रीविषयी काय कळणार?

दुसरे कारण मजुरी ठरण्याच्या पद्धतीत आहे. धनकवडीतील एका सलूनची वही मी नेहमी पाहतो. प्रत्येक कारागिराच्या नावापुढे त्याने दिवसभरात केलेल्या कामाच्या रकमा एकाखाली एक लिहिलेल्या असतात. रात्री दुकान बंद करताना बेरीज होते, निम्मे मालकाचे आणि निम्मे कारागिराचे, आणि कारागिराच्या निम्म्यातून घेतलेली उचल वळती केली जाते. खाली सही नसते, तारीख असते. श्रावण लागला की पाने निम्मी रिकामी राहतात, कारण बरीच गिऱ्हाइके तो महिनाभर दाढी-कटिंग करत नाहीत. गणपती जवळ आले की पुन्हा भरतात. हा कारागीर पगारदार आहे, भागीदार आहे की स्वयंरोजगारी आहे? सर्वेक्षणाला आलेल्या माणसाला तो जे सांगेल, त्या रकान्यात त्याची नोंद होते. निम्म्या वाट्याच्या पद्धतीत एक गुण निश्चित आहे, तो म्हणजे कटिंगचा दर वाढला की कारागिराची कमाईही न मागता वाढते. पण एकाच रस्त्यावर सलूनची संख्या वाढत गेली आणि प्रत्येक खुर्चीच्या वाट्याला येणारी गिऱ्हाइके कमी झाली, तर दर वाढूनही कमाई तिथेच राहते, आणि माझ्या पाहण्यात अलीकडे नेमके हेच घडत आहे. 2020 साली टाळेबंदीत मार्चपासून जूनच्या अखेरपर्यंत सलून बंद राहिली, तेव्हा घेतलेल्या उचलीची परतफेड या वहीत पुढे दीर्घकाळ चालू होती.

दुरुस्तीच्या धंद्यात मजुरीपेक्षा कामाचे स्वरूपच बदलले आहे. 1 एप्रिल 2020 पासून देशभर वाहनांच्या धुरासाठीची बीएस-6 ही प्रदूषण मानके लागू झाली आणि बहुतेक नव्या दुचाकींतून कार्बोरेटर हद्दपार होऊन इंधन-इंजेक्शन आले. कानाने इंजिनाचा आवाज ऐकून दोष सांगणाऱ्या मेस्त्रीचे कौशल्य खोटे ठरलेले नाही, पण त्याच्या जोडीला आता दोष शोधणारा स्कॅनर लागतो, तो चालवणारा माणूस लागतो, आणि वॉरंटीच्या भीतीने ग्राहक पहिली काही वर्षे कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडेच जातो. इलेक्ट्रिक स्कूटरला तर इंजिन ऑइलही बदलावे लागत नाही. परिणामी, वायरिंग आणि इलेक्ट्रॉनिक्स समजणारे तरुण जास्त मजुरी मागतात व त्यांना ती मिळते, तर पन्नाशीतले अनुभवी हात ब्रेक, टायर आणि पंक्चर यांवर दिवस काढतात. एकाच गॅरेजमधील या दोघांच्या कमाईची सरासरी काढून काहीही हाती लागत नाही. शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली चारपेक्षा कमी माणसांच्या आस्थापनेला उमेदवार घेता येत नाही, म्हणजे दोन-तीन माणसांचे गॅरेज, जिथे हे शिक्षण प्रत्यक्षात होते, ते बाहेरच राहिले. सप्टेंबर 2023 मध्ये पारंपरिक कारागिरांसाठी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील 18 व्यवसायांत नाभिक, परीट, चर्मकार आणि शिंपी आहेत, याचा मला आनंद आहे. दुचाकी मेस्त्री आणि मोबाइल दुरुस्त करणारे मात्र त्यात नाहीत.

पार्लरमध्ये काम करणाऱ्या महिलांविषयी थोडक्यात इतकेच, की अॅपवरून घरोघरी जाऊन काम करणाऱ्यांना दरमहा मिळणारी रक्कम मोठी दिसते. मात्र गाडीचे पेट्रोल, साहित्य आणि दोन कामांमधला बिनमोबदल्याचा वेळ वजा केल्यावर काय उरते, हे कुणी मोजत नाही.

सदस्यत्वावर चालणाऱ्या संस्थांकडून माझी अपेक्षा अधिक आहे. पुणे हे संस्थांचे शहर आहे. सार्वजनिक सभा येथे 1870 साली स्थापन झाली आणि ती परंपरा आपण अभिमानाने सांगतो. नफ्यासाठी न चालणाऱ्या संस्थांनी तरी आपल्या कर्मचाऱ्यांना रीतसर वेतन द्यावे, हे वेगळे सांगण्याची गरज पडू नये. तरीही वर्गणी वाढवायची नाही म्हणून शिपायाची वेतनवाढ पुढे ढकलली जाते, आणि वार्षिक सभेत बराच वेळ इमारत निधीवर आणि स्मरणिकेवर जातो, कर्मचाऱ्यांच्या वेतनावर क्वचितच.

कायद्याकडे पाहिले तर छोटी दुकाने जवळपास प्रत्येक उंबरठ्याच्या बाहेर पडतात. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्याच्या मुख्य तरतुदी 10 कामगारांपासून लागू होत होत्या. 2025 मध्ये राज्य सरकारने ती मर्यादा 20 वर नेण्याचा निर्णय घेतला. कर्मचारी राज्य विम्यासाठी 10 आणि भविष्य निर्वाह निधीसाठी 20 माणसे लागतात. एक मार्ग मात्र उघडा आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आलेल्या केंद्राच्या वेतन संहितेत किमान वेतन सरकारी यादीतील ठरावीक (अनुसूचित) उद्योगांपुरते उरलेले नाही, आणि कामगाराला वेतनचिठ्ठी देण्याचे बंधन दोन माणसांच्या दुकानावरही आहे. ही चिठ्ठी सर्वांत महत्त्वाची आहे असे माझे ठाम मत आहे. तिच्याशिवाय कारागिराला बँकेचे कर्ज मिळणे अवघड होते, किमान वेतनाची तक्रार सिद्ध करणे कठीण जाते आणि सर्वेक्षणातही अंदाजच लिहिला जातो.

मालकांची बाजूही मी जाणतो. दुकानभाडे, वीजबिल आणि घटते गिऱ्हाईक यांत तेही भरडले जात आहेत, आणि नव्या कागदाबरोबर नवा निरीक्षक येईल ही त्यांची धास्ती निराधार नाही. म्हणून कामगार विभागाने मराठीत एका पानाचा सोपा नमुना द्यावा, ज्यात टक्केवारीवर काम करणाऱ्यांसाठी कामाची रक्कम, वाटा आणि उचल असे रकाने असतील, आणि पहिले वर्ष दंडाऐवजी मार्गदर्शनाचे ठेवावे.

अनेक मालकांकडे काम करणाऱ्यांना सामाजिक सुरक्षा देता येत नाही, हे तर याच राज्याने खोटे ठरवले आहे. डॉ. बाबा आढाव यांच्या हमाल पंचायतीने पुण्यात हमालांना संघटित केले, आणि राज्याच्या 1969 च्या माथाडी कायद्याने मंडळामार्फत मालकांकडून मजुरीवरील लेव्ही, म्हणजे ठरावीक आकारणी, गोळा करून भविष्य निर्वाह निधीची सोय करून दाखवली. सलून आणि गॅरेजच्या कामगारांसाठी अशा मंडळाचा विचार व्हायला हवा.

माझी मागणी मर्यादित आहे. राज्याचे अर्थ व सांख्यिकी संचालनालय दरवर्षी ‘जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन’ प्रसिद्ध करते. जानेवारी 2025 पासून केंद्राच्या श्रमबल सर्वेक्षणातही जिल्हा हा नमुना निवडीचा मूळ घटक झाला आहे. तेव्हा पुणे जिल्ह्याच्या पुढील समालोचनात वाहनदुरुस्ती, वस्तूदुरुस्ती, वैयक्तिक सेवा आणि सदस्यत्वाच्या संस्था यांतील रोजगार आणि मजुरी स्वतंत्रपणे, स्त्री-पुरुष आणि पगारी-टक्केवारी असा भेद दाखवून द्यावी. सर्वेक्षणाचा नमुना अपुरा पडत असेल तर महापालिकेने संचालनालयाबरोबर शहरापुरती स्वतंत्र पाहणी करावी आणि तिचे काम पेठांपासून सुरू करून धनकवडी, हडपसर, वाकडपर्यंत न्यावे. आपल्या वृत्तपत्राने ही मागणी लावून धरावी, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक हिशेबनीस, शुक्रवार पेठ, पुणे