'तसं काही केलंच नाही'

मा. संपादक, स.न.वि.वि.

घाटंजी तालुक्यातल्या एका बाजाराच्या गावात माझं औषधांचं दुकान आहे. दिवाळीनंतर, कापूस वेचणीच्या दिवसांत, एक तेवीस-चोवीस वर्षांचा मुलगा तोंड आलं म्हणून दोनदा मलम घेऊन गेला. खालच्या ओठाच्या आत चट्टा होता. खिशातून खर्र्याची, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाची, पन्नी दिसत होती, म्हणून मीही खर्र्यालाच दोष देऊन मोकळा झालो. ही माझी चूक. तिसऱ्या वेळी तो गिऱ्हाईक संपेपर्यंत बाहेर उभा राहिला आणि मग म्हणाला, "काका, हे दुखत काहून नाही?"

खर्र्यानं सोललेलं तोंड तिखटाचा घास घेऊ देत नाही. हा चट्टा दुखतच नव्हता. बाहेर कुठं संबंध आला का, असं विचारलं तर म्हणाला, "नाही जी, तसं काही केलंच नाही. नुसतं तोंडानं." रक्त तपासलं, गरमी (सिफिलिस) निघाली. घरी बायको पाच महिन्यांची गरोदर. हा रोग आईकडून पोटातल्या बाळाला होऊ शकतो, म्हणून तिलाही तपासणीला न्यावं लागलं.

मुखमैथुनातून दिवस राहत नाहीत, म्हणून रोगही होत नाही, असं आपल्याकडं कितीतरी जण धरून चालतात. एचआयव्हीचा धोका त्यातून कमी असतो हे खरं. पण गरमी, परमा (गनोरिया), हर्पिस (पाणफोड आणणारा विषाणूचा रोग) तोंडावाटे सहज पसरतात. एचपीव्ही हा गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण ठरणारा विषाणू घशातही कर्करोग करू शकतो. घशातला परमा तर बहुतेकदा कळतही नाही. लघवीच्या तपासणीत तो सापडत नाही, घशातला स्राव घ्यावा लागतो. गरमीचा चट्टा काही आठवड्यांत आपोआप भरून येतो आणि माणूस बरा झालो समजतो, रोग मात्र आत राहतो. वेळेवर पेनिसिलिनचं इंजेक्शन घेतलं तर तो पूर्ण बरा होतो. त्यात खर्र्यानं हिरड्या सोललेल्या असल्या की जंतूंना आयतीच वाट. कंडोम तोंडाच्या संबंधातही लागतो. हर्पिस आणि एचपीव्ही त्यानं पूर्ण थांबत नाहीत, पण धोका कमी होतो.

हे दुखणं लपवणं आपल्याकडं जुनंच आहे. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या, तेव्हा ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार निघाले. त्याआधी तपासणी झाली होती फक्त ८ टक्क्यांची. १९८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आलं. बायका सोसत राहिल्या, आणि पुरुष आजही चिठ्ठीशिवाय माझ्याकडं 'लघवीच्या जळजळीची गोळी' मागतात, दोन दिवस खाऊन सोडून देतात. अशानंही परम्याला कितीतरी औषधं लागू पडेनाशी झाली आहेत.

सरकारी दवाखान्यांतल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये तपासणी आणि औषध फुकट मिळतं. १०९७ या सरकारी एड्स हेल्पलाइनवर फोन केला तर नाव सांगावं लागत नाही. माझी मागणी एवढीच, की दवाखान्यात रुग्णाला 'तोंडानं संबंध आला का' हे सरळ विचारलं जावं आणि आपल्या आरोग्याच्या पानावर 'मुखमैथुन' हा शब्द न लाजता छापला जावा.

मी आजवर कंडोमची पाकिटं काउंटरखाली ठेवत होतो. आता समोरच्या काचेत लावली आहेत. दुपारी दोन ते चार दुकानात गर्दी नसते, कुणाला विचारायचं असेल तर तेव्हा यावं.

आपला,
एक औषधविक्रेता, ता. घाटंजी, जि. यवतमाळ