पाहुणचार पुष्कळ झाला, आता काम सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

डोंबिवलीतील राहते घर विकून आम्ही पतीपत्नी अमळनेरला कायमचे राहायला आलो, त्याला येत्या दिवाळीत तीन वर्षे पूर्ण होतील. राज्य शासनाच्या एका कार्यालयातील लेखाशाखेतून मी नियत वयोमानानुसार ५८ व्या वर्षी सेवानिवृत्त झालो. माझे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यात असून अमळनेर ही माझी सासुरवाडी आहे. शेतजमिनी बिनशेती होऊन गावाबाहेर ज्या नव्या कॉलन्या उभ्या राहिल्या आहेत, त्यांत मुंबई, पुणे, नाशिक आणि सुरत येथून नोकरी संपवून आलेली माझ्यासारखी बरीच कुटुंबे आहेत. त्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार मला कोणी दिलेला नाही. परंतु त्यांच्यापैकी अनेकांशी बोलल्यावर जे एकच गाऱ्हाणे पुन्हा पुन्हा ऐकू आले, ते आपल्या दैनिकाच्या वाचकांपुढे मांडावे असे वाटले.

हे गाऱ्हाणे गैरसोयींचे नाही. शिधापत्रिकेचा पत्ता बदलणे, मतदारयादीतील स्थलांतरासाठी नमुना क्रमांक ८ भरणे, गॅसची जोडणी नव्या वितरकाकडे नेणे ही कामे हेलपाटे घालून वर्षभरात उरकली. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की सकाळी दहाच्या आत बाजार आटोपून घरात बसायचे, हेही कोकणातल्या माणसाला दुसऱ्या उन्हाळ्यापर्यंत समजले. मुलांकडे जाण्यायेण्याचा खर्च मात्र जाणवतो, कारण एस.टी.ची अर्ध्या तिकिटाची सवलत पुरुषांना ६५ व्या वर्षापासून मिळते आणि रेल्वेतील ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली ती झालीच. पण तो विषय वेगळा आहे.

आमची खरी अडचण येथील पाहुणचाराची आहे. हे वाचून कोणाला हसू येईल, म्हणून सविस्तर सांगतो. आम्ही आलो त्या पहिल्या महिन्यात शेजारच्या घरांतून शेवभाजी, कळण्याची भाकरी, ठेचा असे इतके काही येत राहिले की आमच्या घरी संध्याकाळची चूल क्वचितच पेटली. लग्नाचे निमंत्रण आले की मला पुढच्या रांगेत बसवून टॉवेल-टोपी देतात. मी जवळ गेलो की पारावर अहिराणीत रंगलेल्या गप्पा माझ्या सोयीसाठी लगेच पुस्तकी मराठीत होतात आणि मग दोन मिनिटांत संपतात. हा सगळा सन्मान मनापासूनचा आहे, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. परंतु पाहुण्याला कोणी काम सांगत नाही, त्याच्याशी कोणी वाद घालत नाही, आणि चार दिवसांनी तो जाणार आहे हे सर्वांनी मनातून धरलेले असते. मी तर गावाचा जावई, म्हणजे दुप्पट पाहुणा! श्रावणात खानदेशची देवी कानबाई घरोघरी बसते तेव्हा शेजारी आम्हाला दर्शनाला अगत्याने बोलावतात. तिच्या प्रसादाचे रोट मात्र बहुतेक घरांत भाऊबंदकीतच खातात. त्याबद्दल माझी तक्रार नाही, तो कुळाचार आहे. पण कुळाचाराबाहेरच्या गोष्टींतही आम्ही दर्शनापुरतेच राहावे, हे पटत नाही.

यात आमचा दोष नाही असेही नाही. पहिले वर्षभर माझ्या प्रत्येक तिसऱ्या वाक्यात ‘आमच्या डोंबिवलीत’ येत असे, आणि ते ऐकून लोक गप्प का होतात हे मला माझ्या पत्नीने, तिच्या माहेरच्या स्पष्टपणाने, समजावून सांगितले. तरीही ज्यांचा जन्मच या तालुक्यात झाला त्यांची गत निराळी नाही. गेल्या नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत रांगेत उभा असताना माझ्या पुढचे गृहस्थ सुरतेत उभी हयात काढून परतलेले निघाले. “मी आते गावमा पाव्हना व्हई गऊ,” असे ते अगदी सहज म्हणाले. यंत्रावर बोट ठेवले की माणूस जिवंत असल्याचे सिद्ध होते. गावात असल्याचे सिद्ध करायला कुठे बोट ठेवावे, ते त्यांनाही ठाऊक नव्हते.

माझ्यापुरते सांगायचे तर हा पेच गेल्या हिवाळ्यात एका मळ्यातील भरीत पार्टीत थोडा सुटला. दरवर्षीप्रमाणे मला प्लॅस्टिकची खुर्ची मिळाली होती. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजून निघाली, आणि सोलणाऱ्यांत एक माणूस कमी पडला तेव्हा शेजारच्या तरुणाने माझ्याकडे पाहून जरा चिडक्या आवाजात विचारले, “काका, बसी काय ऱ्हायनात?” मी उठलो, बोटे भाजून घेतली, आणि नंतर बडगीत, म्हणजे भरताच्या लाकडी भांड्यात, वांगी ठेचण्याचे कामही माझ्याकडेच आले. ते मी वाईट केले, असे चौघांनी तोंडावर सांगितले. पुढच्या आठवड्यात कॉलनीच्या मोकळ्या जागेच्या वर्गणीचा हिशेब तपासायला वही माझ्या घरी आली. मी लेखाशाखेतला माणूस आहे हे दोन वर्षे सर्वांना माहीत होते, तरी विचारायला संकोच वाटत होता, असे त्यांनी कबूल केले. जमाखर्चात ६४० रुपयांची चूक निघाली. तिच्यावरून जो वाद झाला त्यात मला प्रथमच कोणी ‘अहो जावईबापू’ म्हटले नाही.

असा योग प्रत्येकाच्या वाट्याला येईलच असे नाही, म्हणून संस्थांनी पुढाकार घ्यावा. एका ज्येष्ठ नागरिक संघात मी सभासद होण्यास गेलो, तेव्हा अर्जावर दोन जुन्या सभासदांची शिफारस लागते आणि कामकाजात भाग घेण्यासाठी काही वर्षे थांबावे लागते, असे कळले. साठीनंतर गावात आलेल्या माणसाला ‘काही वर्षे थांबा’ म्हणणे कितपत व्यवहार्य आहे, याचा संबंधितांनी विचार करावा. नव्याने आलेल्यांत शिक्षक आहेत, परिचारिका आहेत, रेल्वेतले आणि बँकेतले लोक आहेत. नाव आणि पत्ता लिहून घेताना ‘मूळ गाव कोणते’ याच्या खाली ‘कोणते काम करू शकाल’ एवढा एक रकाना वाढवला, आणि त्या उत्तराचा महिन्याभरात उपयोग केला, तरी पुष्कळ होईल. शाळांना संध्याकाळच्या अभ्यासिकेसाठी माणसे लागतात, वाचनालयांना पुस्तकांच्या नोंदी अद्ययावत करायला लागतात, आणि निवृत्तिवेतनाचे कागद भरताना अडणारे लोक तर प्रत्येक गल्लीत आहेत.

अमळनेरला हे नवीन नाही. साने गुरुजी मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील पालगडचे. १९२४ मध्ये ते येथील प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले आणि १९३० पर्यंत राहिले. त्यांची योग्यता कोठे आणि आमची कोठे, हे मी जाणतो. मला केवळ इतकेच नमूद करायचे आहे की परमुलखातून आलेल्या त्या तरुणावर या गावाने छात्रालयातील मुलांची जबाबदारी टाकली होती.

यंदाच्या भरीत पार्टीची तारीख अजून ठरलेली नाही. खुर्च्या मागवू नयेत, अशी विनंती मी कॉलनीतील मंडळींना केली आहे.

आपला विश्वासू,
एक सेवानिवृत्त वाचक,
अमळनेर, जि. जळगाव