स्टोअरच्या मामांना, आभारपूर्वक

मामा, सादर नमस्कार.

तुम्ही मोबाईलवर काही वाचत नाही, म्हणून हे पत्र नातीकडून वाचून घ्या.

पावसाआधी संग्रहालयाचं स्टोअर हलवायचं ठरलं आणि नव्या जागेत रॅक कमी निघाले. पुरातत्त्वाची खोकी तपासून छाटणी करायचं काम माझ्याकडे आलं. चिठ्ठी कसरीने खाल्लेली, नोंदवहीत क्रमांक सापडत नाही, अशा खोक्यांपुढे मी सरळ 'संदर्भ नाही' लिहून ती निर्लेखनाच्या, म्हणजे संग्रहातून काढून टाकायच्या, यादीत टाकली. खापर कुठून, खोदकामातल्या कुठल्या थरातून आलं हेच कळेना, तर ते ठेवून करायचं काय?

तुम्ही निवृत्त होऊन किती वर्षं झाली! तरी नालासोपाऱ्याहून विरार लोकलच्या गर्दीत उभे राहून आलात. चहा नको म्हणालात. पहिलं खापर हातात घेऊन उलटं केलंत, तर आतल्या बाजूला शाईची बारीक अक्षरं, त्यावर वार्निशचा हात. मी तो डाग समजत होते (पुरातत्त्वात एम.ए. केलंय, कुणाला सांगू नका). "नेवाशाचं आहे, ताई." लाल अंगावर काळ्या रेघा असलेल्या तुकड्याला टिचकी मारलीत, तर खण्ण वाजला. जोर्वे भांडं (जोर्वे गावावरून नाव पडलेला ताम्रपाषाण काळातला प्रकार), सुमारे ३,००० वर्षांपूर्वीचं. आणि मी ते काढून टाकायला निघाले होते!

एका खोक्यात चिठ्ठी नव्हती, अक्षरंही नव्हती, नुसती किराणा दुकानाची कापडी पिशवी. ती बघून तुम्ही हसलात. सोपाऱ्याच्या बुरूड राजाच्या कोटाच्या आसपास शेतात वर पडलेली खापरं वेचली, तेव्हा ही पिशवी तुम्हीच घरून नेली होती. १८८२ साली पुरातत्त्वज्ञ भगवानलाल इंद्रजींनी स्तूप खणला तो हाच कोट. थर नाही कळला, पण गाव कळलं. ती खापरं आता विद्यार्थ्यांना हाताळायला ठेवली आहेत.

मला वाटलं होतं, तुम्ही काहीच टाकू देणार नाही. उलट तुम्हीच तीन खोकी बाजूला सारलीत. "हे दगड आहेत, ताई. नुसते दगड. मी तेव्हाही सांगत होतो." निर्लेखनाच्या समितीनेही पाहिले. दगडच निघाले.

आता प्रत्येक पिशवीत एक चिठ्ठी आत, एक बाहेर, दोन्ही पेन्सिलीने. मुंबईच्या दमट हवेत पेनची शाई पसरते, हे तुमचंच.

वरच्या फळीवरची दोन खोकी अजून राहिलीत. रविवारी मेगाब्लॉक असतो, तेव्हा शनिवारी या. चहा मात्र घ्यावाच लागेल.

तुमची,
स्टोअरमधली ताई